समजून घेणारी सिस्टर हवी, पण आपल्या घरातली नको

मुरूडपासून श्रीवर्धनपर्यंत कुठल्याही मोहल्ल्यात सरकारी दवाखान्याचा विषय काढा. दहा मिनिटांत तीन तक्रारी ऐकायला मिळतील. सिस्टर खेकसतात. बाईमाणसाच्या पडद्याची कुणाला फिकीर नसते. आपल्या लोकांचं कुणी समजून घेत नाही. यातलं बरंच खरं आहे. मी याच किनाऱ्यावरच्या एका सरकारी रुग्णालयात बारा वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यामुळे ते मला बाहेरच्यांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पण तक्रारींची फेरी संपली की मी एकच विचारते: या मोहल्ल्यातून आजवर किती मुली नर्सिंगला गेल्या? तेव्हा कुणाला तरी अचानक चहाची आठवण होते.

तोच प्रश्न आज तुम्हाला विचारायचा आहे, कारण तुमचं वय अजून निर्णय घेण्याचं आहे. आपल्याला समजून घेणारी नर्स हवी, पण ती आपल्या घरातली नको. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहीत. का नांदत नाहीत हे कळायचं असेल तर नर्सला ही समज मुळात येते कुठून, ते आधी पाहावं लागेल.

यादी आणि वॉर्ड

नर्सिंगच्या पुस्तकांत या समजेला ‘सांस्कृतिक क्षमता’ म्हणतात. नाव जड, गोष्ट साधी. समोरचा माणूस कुठल्या घरातून आलाय, काय खातो, कशाला लाजतो, कशाला घाबरतो, दुखणं बोलून दाखवतो की गिळतो, हे ओळखून त्याची शुश्रूषा करायची. अमेरिकेतल्या मॅडेलिन लायनिंगर या नर्सने १९५०च्या दशकात मुलांच्या मानसोपचार केंद्रात काम करताना पाहिलं, की वेगवेगळ्या समाजांतली मुलं एकाच शुश्रूषेला वेगवेगळा प्रतिसाद देतात. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, न्यू गिनीतल्या गडसप लोकांमध्ये जाऊन राहिल्या आणि त्यातून या विषयाचा पाया घातला. म्हणजे या विद्येची सुरुवातच माणसांत जाऊन राहण्यातून झाली.

आपल्याकडे तिचं काय होतं? एका दिवसाचं प्रशिक्षण होतं. प्रोजेक्टरवर यादी येते: मुस्लिम रुग्ण, हलाल, रोजा, बुरखा, पुरुष डॉक्टर नको. यादी संपली की जेवण. ही यादी पाठ केलेली नर्स बुरख्यातल्या बाईला काही विचारतच नाही, सगळं गृहीत धरते. माझ्या अनुभवात बुरख्यातल्या कित्येक बायकांना पुरुष डॉक्टर चालतो, त्यांना फक्त दार लोटलेलं हवं असतं. आणि डोक्यावर ओढणीही न घेणारी एखादी मुलगी तपासणीच्या टेबलावर आक्रसून जाते. यादीने दोघींचंही काही कळत नाही. विचारल्याने कळतं.

खरी समज वॉर्डात तयार होते. ड्युटी बदलताना एक सिस्टर दुसरीला बेड नंबरसोबत जे चार शब्द सांगते, त्यात ती असते. वॉर्डातल्या मावशी डब्याच्या वेळी जे बोलतात, त्यात असते. आमच्या एक वरिष्ठ सिस्टर आगरी समाजातल्या. रमजानमध्ये मधुमेहाच्या बायका साखर एकदम खाली जाऊन दाखल व्हायच्या. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की सगळ्या मान डोलवायच्या. सिस्टरनी प्रश्न बदलला. शाबान संपत आला की ओपीडीत त्या विचारू लागल्या, ‘सहरीला काय खाता? कुठली गोळी कधी घेता?’ आता उत्तरं खरी यायला लागली. डॉक्टरांना डोसच्या वेळा बदलून देता आल्या आणि जिला रोजा झेपणारच नाही तिला तसं स्पष्ट सांगता आलं. आजारी माणसाला रोज्यातून सवलत कुराणनेच दिली आहे. पण ती सवलत घ्यायला बाईला कुणीतरी न रागावता विचारावं लागतं. सिस्टरना हा प्रश्न कुणी शिकवला? कुठल्याच प्रशिक्षणाने नाही. ईदला आमच्या घरी शीरखुर्मा खायला आल्या तेव्हा माझ्या अम्मीने शिकवला.

दुसरं उदाहरण आणखी साधं. लेबर रूमबाहेर बाप घुटमळत असतो. नव्या नर्सला वाटतं, हा उगाच गर्दी करतोय. तिला एकदा कुणीतरी सांगितलं, की बाळ रडलं, पुसून गरम ठेवलं, वजन झालं, की अजानसाठी दोन मिनिटं द्यायची, की पुढच्या वेळी तीच दारातून हाक मारते, ‘या, अजान द्यायची ना?’ याला पैसे लागत नाहीत, जीआर लागत नाही. सांगणारं माणूस मात्र ड्युटीवर असावं लागतं.

जिथे सांगणारं कुणीच नसतं, तिथे काय होतं? तिथे मुसलमानाबद्दलची माहिती व्हॉट्सॲपवरून आणि टीव्हीवरून येते. मी शिकत असताना एका लेबर रूममध्ये कळा देणाऱ्या बाईला ‘कितवं गं?’ असं विचारून वर ‘तुमच्यात काय, चालतंच’ असं म्हणताना ऐकलंय. शेजारच्या टेबलावरच्या बाईचंही तिसरंच होतं. तिला कुणी काही विचारलं नाही. खरं तर आपल्या देशात मुस्लिम स्त्रियांचा सरासरी जननदर १९९२-९३च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ४.४ होता, तो २०१९-२१मध्ये २.४ वर आला. पण आकडा वॉर्डात बोलत नाही, माणूस बोलतो. आणि त्या खोलीत ‘तुमच्यात’ या शब्दाला अडवणारं कुणी नव्हतं.

असा एक टोमणा हसण्यावारी नेण्यासारखा नसतो. ती बाई पुढच्या खेपेला तपासणीला येतच नाही. येते तेव्हा कळा सुरू झालेल्या असतात, बीपी चढलेलं असतं, रक्त कमी असतं, आणि १०८च्या गाडीतून वळणावळणाच्या रस्त्याने अलिबाग नाहीतर पनवेल गाठायचं असतं. तो रस्ता ज्यांनी रात्री कापलाय, त्यांना मी काय म्हणतेय ते वेगळं सांगायला नको.

फक्त आपलंच नाही

इथे कुणी म्हणेल, म्हणजे मुसलमानाला मुसलमान नर्सच हवी, असंच ना? मुळीच नाही. तसं असतं तर आपल्या किनाऱ्यावरच्या निम्म्या घरांनी कुवेत-कतारमध्ये आजारी पडायचंच नाही असं ठरवलं असतं. तिथल्या दवाखान्यांत आपल्या अब्बांना, चाचांना सलाईन लावणारी नर्स केरळची असते नाहीतर फिलिपिन्सची. बहुतेक वेळा ती मुसलमान नसते. पण अरब म्हाताऱ्याला ती ‘अलम?’ विचारते, म्हणजे दुखतंय का? तिने ते कामावरच शिकलेलं असतं. परक्या देशात, परक्या भाषेत, परक्या धर्माच्या माणसांत ती हे शिकू शकते, तर अलिबागची नर्स मुरूडच्या खालाबद्दल शिकू शकणार नाही, असं कोण म्हणेल?

उलट बाजूही तितकीच खरी. मी मुसलमान आहे म्हणून मला सगळ्यांचं आपोआप कळतं असं नाही. हा किनारा पाहा. इथे आगरी आहेत, कोळी आहेत, डोंगराकडे कातकरी आणि ठाकर आहेत. शतकानुशतकं इथे बेने इस्रायल राहिले. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ नाव दिलं. त्यांचा धर्म न कळताही त्यांची सुट्टी गावाने ओळखली. रेवदंड्याजवळ कोर्लईत ख्रिस्ती लोक आजही पोर्तुगीजमधून तयार झालेली स्वतःची वेगळी बोली बोलतात. या सगळ्यांच्या मधोमध आपण कोकणी मुसलमान. इथल्या जनरल वॉर्डात एका रांगेत या पाच घरची माणसं झोपलेली असतात.

कातकरी बाई दुखलं तरी आवाज काढत नाही. न सांगता वॉर्डातून निघून जाते, कारण नवरा वीटभट्टीवर निघालेला असतो आणि मागे राहिली तर तिला जेवायला कोण घालणार हा प्रश्न असतो. हे मला कुराणमधूनही कळलं नसतं आणि जीएनएमच्या पुस्तकातूनही. एका आशाताईने सांगितलं. मोहल्ल्यातून माणसं वॉर्डात गेली तर ती फक्त आपल्यासाठी जाणार नाहीत. आपण दुसऱ्याचं शिकतो, दुसरा आपलं शिकतो, आणि हे शिकणं एका टेबलाभोवतीच होतं. त्या टेबलावर आपली खुर्ची रिकामी आहे, हे माझं दुखणं आहे.

आत गेलेल्यांनी नियम बदलले

बाहेरून आलेली सक्ती आणि ओळखीच्या हातांची शुश्रूषा यातला फरक आपल्या इतिहासात लिहिलेला आहे. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढच्या वर्षी साथरोग कायदा झाला, घरं तपासायला पथकं फिरू लागली. मार्च १८९८मध्ये मुंबईत विणकर मुस्लिम वस्तीतल्या एका घरातून आजारी मुलीला न्यायचा प्रयत्न झाला आणि दंगल उसळली, माणसं मेली. शेवटी सरकारला सक्ती सैल करावी लागली. त्याच साथीत पुण्यात सावित्रीबाई फुले मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यासाठी रुग्ण आणत होत्या. त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग एकच. एकीकडे लोकांनी दार लावलं, दुसरीकडे पोर पाठीवर दिलं. फरक हाताचा होता.

अलीकडचं उदाहरण दूरच्या न्यूझीलंडचं आहे. तिथल्या माओरी लोकांना दवाखान्याची भीती वाटायची. इरिहापेटी रॅम्सडेन या माओरी नर्सने ठामपणे मांडलं, की शुश्रूषा सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, रुग्णाने ठरवायचं. नर्सने आधी स्वतःचे पूर्वग्रह तपासावेत. १९९२मध्ये तिथल्या नर्सिंग कौन्सिलने ही गोष्ट नर्सिंगच्या शिक्षणात सक्तीची केली. ती कौन्सिलला सुचली नव्हती. माओरी बायका त्या पेशात शिरल्या होत्या, म्हणून तो विचार पेशाच्या पुस्तकात शिरला. ओट्यावर बसून तक्रार केली असती तर चहाच प्यायला असता.

‘आपल्यात चालत नाही’

आता घरच्या उत्तरांकडे येऊ. पहिलं उत्तर नाईट ड्युटीचं. ‘मुलीला रात्री बाहेर कसं पाठवायचं?’ मग रात्री दोन वाजता आपल्या सुनेला कळा येतात तेव्हा लेबर रूममध्ये बाईच हवी, हा हट्ट कशाच्या जोरावर? तिथे उभी असलेली बाई कुणाची तरी मुलगीच असते. आपली मुलगी रात्री सुरक्षित राहावी म्हणून जी व्यवस्था हवी, म्हणजे जाण्या-येण्याची गाडी, कुलूप लागणारी ड्युटी रूम, चौकीदार, ती जरूर मागा. मी तुमच्याबरोबर मागेन. पण ती मागायला आधी आपली मुलगी तिथे असावी लागते.

दुसरं उत्तर पुरुषाला हात लावण्याचं. इथे मला रुफैदा अल-अस्लमिया आठवतात. खंदकाच्या लढाईत, इसवी सन ६२७मध्ये, साद इब्न मुआज जखमी झाले. पैगंबरांनी त्यांना रुफैदांच्या तंबूत ठेवायला सांगितलं, आणि तो तंबू मदिनेच्या मशिदीत होता. दिल्लीतल्या जामिया हमदर्दच्या नर्सिंग कॉलेजला त्यांचंच नाव आहे. जुम्याच्या खुतब्यात रुफैदांचा दाखला ऐकायला छान वाटतो. पण बारावीतली मुलगी त्यांच्या वाटेने जाते म्हटली, की खुतबा ऐकणाऱ्यांनाच घाम फुटतो.

तिसरं उत्तर पोशाखाचं. याचं सोपं उत्तर नाही आणि मी देणारही नाही. २०२३मध्ये तिरुवनंतपुरमच्या मेडिकल कॉलेजातल्या काही मुस्लिम विद्यार्थिनींनी ऑपरेशन थिएटरमध्ये लांब बाह्या आणि हूड घालू द्यावं असं पत्र दिलं होतं, त्यावर देशभर चर्चा झाली. डोकं तर थिएटरमध्ये सगळ्यांचंच झाकलेलं असतं. प्रश्न कोपरापर्यंत हात धुण्याचा आहे, आणि जंतूंना कुणाचाच धर्म कळत नाही. जिथे रुग्णाला संसर्ग होण्याचा धोका आहे तिथे हात उघडेच हवेत, असं मी मानते. जिथे तो धोका नाही तिथे ओढणीवरून नोकरी नाकारणं अन्याय आहे, असंही मानते. या दोन वाक्यांतली रेघ कुठे ओढायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत आपली नर्स बसलेली हवी. एरवी ती रेघ दुसरं कुणीतरी ओढतं आणि आपण दोन्ही बाजूंनी फॉरवर्ड पाठवत बसतो.

चौथं उत्तर कुणी मोठ्याने म्हणत नाही: ‘नर्सशी लग्न कोण करणार?’ मुलांनो, हा प्रश्न तुमच्यासाठी आहे. बायोडेटात बी.एस्सी. नर्सिंग पाहून तुमची अम्मी कागद बाजूला ठेवते, तेव्हा तुम्ही काय करता? आणि तुमच्यापैकी किती जणांनी स्वतः ब्रदर व्हायचा विचार केला? पुरुष वॉर्डातल्या म्हाताऱ्या बाबांनाही लाज असते. त्यांना अंघोळ घालायला, लघवीची नळी बसवायला पुरुषाचा हात हवा असतो.

मागायचं ते मागा

आपल्या समाजाला इतकं सुनावलं म्हणून रुग्णालयं सुटली असं समजू नका. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स असा आहे. त्याच्या कितीतरी पट रुग्ण एकटीने सांभाळणाऱ्या नर्सकडून कुणाची संस्कृती ओळखण्याची अपेक्षा ठेवणं हा विनोद आहे. तिला नाव विचारायलाही वेळ नसतो. करारावरची मुलगी वॉर्ड आणि गावं ओळखू लागते तोवर तिच्या करार वाढीची फाईल कुठेतरी अडकते. समज अनुभवातून येते असं म्हणायचं आणि अनुभव साठूच द्यायचा नाही, हे चालणार नाही. कायम पदं भरा, ही मागणी मोहल्ल्याची पण आहे. ती फक्त आमच्या संघटनेची नाही.

पडद्याची मागणीही नीट करा. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलंय, की पुरुष डॉक्टर महिलेला तपासत असेल तेव्हा दुसरी बाई हजर असावी. धर्म-जातीवरून भेदभाव नको हेही त्यात आहे. हा हक्क कोळणीचा आहे, कातकरणीचा आहे आणि आपलाही. ‘आमच्या बायकांसाठी’ असं म्हणत गेलात तर ती मेहरबानी होते. ‘प्रत्येक बेडला कापडी पडदा हवा’ असं म्हणत गेलात तर तो सगळ्या वॉर्डाचा हक्क होतो, आणि कोळणीही तुमच्यामागे उभी राहते. हे मांडायची जागा रुग्ण कल्याण समिती आहे. तुमच्या तालुक्याच्या समितीवर कोण आहे, ते या महिन्यात शोधून काढा.

आणि नातेवाईक म्हणून थोडी आपली शिस्त. वीस जणांनी वॉर्डात घुसण्यापेक्षा बोलायला एकजण ठरवा. रोजा धरलाय, हकीमचं औषध चालू आहे, गोळी बंद केली आहे, हे सिस्टरला खरं सांगा. मयत लवकर हवी असेल तर आधी विचारा. पोलीस केस असली तर शवविच्छेदन टळत नाही, पण कागद भराभर हलवायला सिस्टर मदत करू शकते. तिच्यावर ओरडल्याने ती आपलं काही शिकत नाही, फक्त घाबरायला शिकते.

शेवटी मुद्द्याचं. एएनएम दोन वर्षं, जीएनएम तीन वर्षं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं. बी.एस्सी.ला सायन्स लागतं आणि सीईटी द्यावी लागते. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांना जीएनएमचा रस्ता मोकळा आहे. आपल्या गावोगावच्या जमातींच्या शाखा कुवेतमध्ये आहेत, दुबईत आहेत. मशिदीच्या मिनारासाठी वर्गणी किती झपाट्याने जमते ते मी पाहिलंय. दरवर्षी एका गावाने एका मुलीची किंवा मुलाची नर्सिंगची फी उचलली तर दहा वर्षांत या किनाऱ्यावर असा वॉर्ड शोधावा लागेल, जिथे ‘तुमच्यात’ म्हणणाऱ्याला ‘म्हणजे कुणाच्यात?’ असं विचारणारं कुणी नाही.

बारावीचा निकाल लागला की घरात बैठक बसेल. सगळे इंजिनिअरिंग, डी.एड., गल्फ अशी नावं घेतील. तुमच्या घरातून कुणीतरी नर्सिंगचं नाव घ्यावं. पहिल्या दिवशी घरचे हसतील. चार वर्षांनी त्याच घरातली दादी पडली, की सगळे पहिला फोन तुम्हालाच लावतील.